राजगड–तोरण्याचा पाडाव आणि ताराबाईंची राजवट : काही रूढ समजांचा फेरविचार

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या डोंगराळ मुलखात मराठ्यांच्या राज्याचा जन्म झाला हे सर्वश्रुत आहे. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव देण्यात आले आहे. ते सर्वस्वी नवे नव्हे. १९४८ मध्ये विलीन झालेल्या भोर संस्थानाचे जे पाच तालुके होते त्यांत राजगड होता, आणि तोरण्याच्या प्रचंडगड या दुसऱ्या नावाचाही एक तालुका होता. या दोन किल्ल्यांची माहिती देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत शिवकालाचा विस्तृत वृत्तान्त येतो, आणि अखेरीस एक वाक्य येते : १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड व तोरणा जिंकून घेतले. त्या वेळी राज्य कोणाच्या हाती होते, हे त्या वाक्यात क्वचितच सांगितलेले असते. सांगितलेच, तर राजारामांच्या विधवा पत्नी ताराबाई या ‘अल्पवयीन पुत्राच्या नावे कारभार पाहत होत्या’ एवढेच.

या लहानशा वाक्याच्या पोटी तीन समज दडलेले आहेत. ताराबाईंचा काळ म्हणजे दोन खऱ्या छत्रपतींमधील एक खंड. त्या काळात स्वराज्याचे मूळ किल्लेच गेले, त्यावरून त्याचे मोल ठरते. आणि त्यानंतरचा शाहूंशी झालेला झगडा हा एका महत्त्वाकांक्षी स्त्रीने घातलेला गृहकलह होय. अलीकडे याच्या उलट बाजूचाही एक समज रूढ झाला आहे. तो ताराबाईंना हाती तलवार घेऊन घोड्यावरून मोगलांवर तुटून पडणाऱ्या रणरागिणीच्या रूपात पाहतो. कोल्हापुरात कावळा नाक्यावर उभा असलेला अश्वारूढ पुतळा आणि चित्रकारांनी रंगविलेली चित्रे यांनी हे रूप घरोघर पोहोचविले. एका समजाने त्यांना लहान केले. दुसऱ्याने मोठे केले, पण त्यांचे खरे कार्य झाकून टाकले. राजगड–तोरण्याच्या पाडावाचे प्रकरण नीट तपासले असता हे दोन्ही समज टिकत नाहीत.

प्रथम कालानुक्रम पाहावा. २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजारामांचा अंत झाला. हंबीरराव मोहित्यांच्या कन्या ताराबाई त्या वेळी पंचवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचा पुत्र शिवाजी चार वर्षांचाही पूर्ण झालेला नव्हता. बादशाह स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसला होता आणि एप्रिलमध्ये तो किल्ला पडला. राजारामांच्या मृत्यूने मराठ्यांचे राज्य संपले असे मोगल छावणीत मानले गेले, याची साक्ष खाफीखान देतो. संताजी–धनाजी या जोडीच्या पराक्रमावर ताराबाईंचा काळ निभावला असे सर्रास बोलले जाते. परंतु संताजी घोरपडे १६९७ मध्येच मारले गेले होते. ताराबाईंच्या वाट्याला आले ते धनाजी जाधव, परशुराम त्रिंबक, शंकराजी नारायण यांसारखे सेनानी व मुत्सद्दी, आणि मनात शाहूंचा पक्ष बाळगणारे रामचंद्रपंत अमात्य. अशा माणसांना एका कामास जुंपणे हेच त्यांचे पहिले संकट होते.

या वेळी ताराबाईंनी बादशाहाकडे तहाचे बोलणे लावले होते, ही गोष्ट त्यांचे चरित्रकार बहुधा ओझरती उल्लेखून पुढे जातात. मोगल दरबारच्या अखबारांवरून दिसते की, पुत्रास सात हजारांची मनसब व दक्षिणेची देशमुखी मिळावी, त्या बदल्यात फौजेचे पथक चाकरीस पाठवावे आणि सात किल्ले सोडून द्यावेत, असा तो प्रस्ताव होता. बादशाहाने सर्वच किल्ल्यांची मागणी केली आणि बोलणे फिसकटले. यात ताराबाईंच्या कीर्तीस उणेपणा येतो असे मानण्याचे कारण नाही. किल्ल्यांकडे त्या कोणत्या दृष्टीने पाहत होत्या याचा हा पहिला पुरावा आहे. देण्याजोगे किल्ले किती आणि त्यांची किंमत किती, याचा हिशेब त्यांच्या मनाशी आरंभापासून होता.

पुढील चार वर्षांत बादशाहाने एकेक किल्ला घेत मजल केली : १७०० मध्ये सातारा व परळी, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड. विशाळगड परशुराम त्रिंबकांनी कित्येक महिने लढविला, आणि पावसाळा तोंडावर आला तेव्हा दोन लक्ष रुपये घेऊन तो मोगलांच्या हवाली केला. परतीच्या वाटेवर पावसाने व नद्यांच्या पुरांनी बादशाही फौजेची जी दैना केली, तिचे वर्णन मोगल इतिहासकारांनीच केले आहे. त्यानंतर बादशाह सिंहगडाकडे वळला.

येथे नकाशा समोर ठेवणे आवश्यक आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले एकाच डोंगराळ टापूत आहेत. सिंहगडापासून तोरण्याचे सरळ रेषेतील अंतर वीस किलोमीटरांहूनही कमी आहे. डिसेंबर १७०२ च्या अखेरीस सिंहगडास वेढा पडला. एप्रिल १७०३ मध्ये तो हाती आला, तोही पैसा मोजूनच. मग पावसाळा आला आणि बादशाहाचा मुक्काम पुण्यात पडला. (तेथे त्याचा एक नातू वारला आणि पुण्यास मुहियाबाद हे नाव मिळाले, ते लोकांनी कधी उच्चारल्याचे दिसत नाही.) डिसेंबर १७०३ मध्ये राजगडास वेढा पडला व फेब्रुवारी १७०४ च्या मध्यास तो गडकऱ्यांनी बोलणी करून सोडला. त्याचे नाव नबीशाहगड ठेवण्यात आले. लागलीच तोरण्यास मोर्चे लागले आणि १० मार्चच्या रात्री अमानुल्लाखान निवडक माणसांनिशी दोराच्या शिड्यांवरून गडावर चढला. म्हणजे जगातील सर्वांत संपन्न राज्याच्या अधिपतीस, पंचाऐंशी वर्षांच्या वयात, अवाढव्य तोफखाना व खजिना बरोबर असता, वीस किलोमीटरांच्या आतील तीन डोंगरी किल्ले घेण्यास जवळजवळ पंधरा महिने लागले.

या पंधरा महिन्यांत मराठ्यांची फौज कोठे होती, हा प्रश्न ‘१७०४ मध्ये किल्ले पडले’ असे लिहिणारे विचारीत नाहीत. १७०३–०४ च्या त्याच हंगामात नेमाजी शिंदे वऱ्हाडात शिरले, तेथील मोगल नायब सुभेदार रुस्तुमखान याचा पराभव करून नर्मदेपार गेले आणि माळव्यात सिरोंजपर्यंत जाऊन धडकले. तेथे फिरोजजंगाने त्यांना मागे रेटले हे खरे. परंतु खुद्द बादशाह गुंजवणीच्या खोऱ्यात एका किल्ल्याच्या बुरुजावर तोफा चढविण्यात गुंतला असता त्याच्या साम्राज्याच्या उत्तर–दक्षिण वाटेवर मराठे उतरले, ही गोष्ट युद्धाचा तोल कोणीकडे झुकला होता हे दाखविण्यास पुरेशी आहे. दोनच वर्षांनी, १७०६ मध्ये, धनाजी जाधवांच्या फौजांनी गुजरातेत रतनपूर येथे मोगल सरदारांची फौज उधळून लावली. खाफीखान सांगतो की, मराठ्यांनी बादशाही मुलखात आपले सुभेदार, कमाविसदार व राहदार नेमून वसुलाची पद्धतशीर व्यवस्था चालविली होती. आणि या सर्वांच्या मुळाशी तो ताराबाईंची योजना पाहतो. नवऱ्याच्या हयातीतच राज्यकारभाराची व लष्करी बाबींची जाण असणारी स्त्री म्हणून त्यांची ख्याती होती, असेही तो नमूद करतो. बुंदेल्यांच्या चाकरीत राहून दक्षिणेतील ही युद्धे प्रत्यक्ष पाहिलेला भीमसेन सक्सेना तर राजारामांपेक्षा त्यांचा अंमल कडक होता आणि त्यांच्या आज्ञेवाचून कोणी मराठा सरदार हालत नसे, असा अभिप्राय देतो. हे दोघेही शत्रुपक्षाचे लेखक होत. स्तुती करण्यात त्यांचा काही लाभ नव्हता.

या पुराव्यावरून किल्ल्यांच्या पाडावाकडे पाहिले म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. किल्ला होता होईल तो लढवावा, शत्रूचा एक हंगाम खावा, पावसाळा जवळ आला म्हणजे किंमत घेऊन तो सोडावा, आणि बादशाहाची पाठ फिरताच परत घ्यावा, असा हा क्रम होता. तथापि या क्रमालाही सिद्धान्ताचे रूप देण्याची घाई करू नये. प्रत्येक किल्ल्याची विक्री ताराबाईंच्या लेखी आज्ञेने झाली असे दाखविता येत नाही. राजगडाचे गडकरी रात्री निसटून गेले. तोरणा तर विकला गेलाच नाही. या मोहिमेत केवळ शस्त्रबळाने, लाच न देता, बादशाहाने घेतलेला प्रमुख किल्ला तोच एक होय, आणि तेथे पहारा गाफील राहिला असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. जी राजवट पराभवांतूनही शत्रूस थकविते ती पराभवच टाळते असे नव्हे.

किल्ले परत आले ते मात्र ठरल्याप्रमाणे. सातारा, पन्हाळा हे बादशाहाच्या हयातीतच मराठ्यांकडे आले. मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगार येथे औरंगजेब मरण पावला आणि मे महिन्यात गुणाजी सावंत व पंताजी शिवदेव यांनी राजगड घेतला. पुढे नागोजी कोकाटे याने तोरण्यावर माणसे चढवून तोही घेतला. ‘१७०४ मध्ये किल्ले पडले’ या वाक्यापुढे हे दुसरे वाक्य लिहिले जात नाही, आणि त्यामुळे वाचकाच्या मनात राहतो तो पराभव तेवढा.

आता ‘पुत्राच्या नावे कारभार’ या शब्दांकडे वळावयाचे. आशियातील राज्य करणाऱ्या स्त्रियांविषयी जे गैरसमज आहेत त्यांतील बहुतेक या एका शब्दप्रयोगातून निघतात. राज्य पुत्राच्या नावे चालले म्हणून ते राणीचे नव्हते, असा तर्क केला जातो. किंवा याच्या उलट, कोणत्याही राजमातेचा लेख सापडला की तिला राज्यकर्ती ठरविले जाते. पुणे जिल्ह्याच्याच उत्तर टोकास नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून समजला जाणारा लेख आहे. त्यात यज्ञांची व दक्षिणांची लांबलचक यादी आहे, वेदिसिरी आणि सतिसिरी या कुमारांची नावे आहेत, राणीच्या व्रतस्थ जीवनाचा उल्लेख आहे. अल्पवयीन पुत्रांच्या वतीने तिने राज्य केले, हे मात्र लेखाचे शब्द नसून अभ्यासकांचे अनुमान आहे. ते संभवनीय असले तरी अनुमानच होय. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिची गोष्ट वेगळी. पुण्यातील एका तांबट घराण्याजवळ मिळालेला आणि का. बा. पाठक व का. ना. दीक्षित यांनी संपादिलेला तिचा ताम्रपट स्पष्ट बोलतो. नंदिवर्धनाहून दिलेले ते दान तिने स्वतः दिले आहे. वंशावळ आरंभली आहे ती सासरच्या वाकाटकांची नव्हे, तर माहेरच्या गुप्तांची. आणि मुद्रेवर ते युवराजाच्या मातेचे शासन म्हटले आहे. राजा नाही, युवराज आहे, आणि त्याच्या मातेची आज्ञा राज्यात चालते. पाचव्या शतकाच्या आरंभीचे हे रूप आणि अठराव्या शतकाच्या आरंभी ताराबाईंनी धारण केलेले रूप यांत परंपरेचा धागा दाखविता येणार नाही, पण तत्त्व एकच आहे. पुत्राचे नाव हे सत्तेचे कायदेशीर वस्त्र असते. त्याच्या आत आज्ञा कोणाची चालते हे कागदांवरून ठरवावयाचे असते.

ताराबाईंच्या बाबतीत ते ठरविण्याची साधने विपुल आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आप्पासाहेब पवारांच्या संपादनाखाली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ प्रसिद्ध केली, त्यास आता अर्धशतक उलटले. त्यांतून दिसते ती वतनांचे निवाडे करणारी, इनामे चालविणारी, किल्लेदारांस ताकीद देणारी राजवट. रणांगणावर त्यांनी स्वतः तलवार चालविल्याचा समकालीन पुरावा नाही. राजगडाच्या किंवा तोरण्याच्या वेढ्यात त्या गडावर होत्या असेही नाही. त्यांचे युद्ध पत्रांतून, सनदांतून व माणसांच्या निवडीतून चालले होते. सुमारे शंभर वर्षे आधी अहमदनगरच्या तटावर लढलेल्या चांदबिबीची प्रतिमा नकळत त्यांच्या चित्रात मिसळली असावी.

भोरच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण पुरावा याच संदर्भात येतो. शंकराजी नारायण सचिव हे भोर संस्थानाचे मूळ पुरुष. राजगड, तोरणा, रोहिडा या भागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. शाहू हेच राज्याचे खरे धनी असून आपण त्यांच्यासाठी झटत आहोत, अशा आशयाचे पत्र राजारामांनी १६९७ मध्ये लिहिले होते, ते याच शंकराजींना. पुढे राजारामांच्या पश्चात शंकराजी ताराबाईंच्या पक्षास मिळाले. १७०७ मध्ये शाहू सुटून आले. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरविले, आणि ते खरे असले तरी संभाजींनी घालविलेले राज्य राजारामांनी नव्याने मिळविले, तेव्हा त्यावर राजारामांच्या पुत्राचा हक्क आहे, असा पक्ष मांडला. प्रतिनिधी व सचिव यांच्याकडून त्यांनी निष्ठेची शपथ घेतली. ऑक्टोबरात खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडे फिरले. शाहूंचा लोट साताऱ्याकडे व मावळाकडे येऊ लागला तेव्हा शंकराजींपुढे दोनच मार्ग राहिले : शपथ मोडणे, किंवा ज्यांना राजारामांनी स्वतः धनी म्हटले त्यांच्यावर शस्त्र धरणे. त्यांनी तिसरा मार्ग पत्करला. त्यांनी जलसमाधी घेतली असे परंपरा सांगते. भोरजवळ अंबवडे येथे त्यांची समाधी आहे.

या मृत्यूचा उल्लेख भोरच्या इतिहासात स्वामिनिष्ठेचे उदाहरण म्हणून होतो. पण ही निष्ठा कोणाशी होती, याचा विचार फारसा होत नाही. ताराबाईंची सत्ता ही केवळ अंतःपुरातील एका स्त्रीची हाव असती, तर शाहूंसारखा निर्विवाद वारस समोर आल्यावर राज्यातील एका अनुभवी मुत्सद्द्यास तिच्याशी केलेली शपथ प्राणाच्या मोलाची वाटली नसती. परशुराम त्रिंबकांनीही शाहूंविरुद्ध खेडला लढाई दिली, साताऱ्याचा किल्ला अखेरपर्यंत धरला आणि कैद पत्करली. धनाजी जाधव फिरले ते शाहू तोतया नाहीत अशी खात्री झाल्यावर. म्हणजे त्या वेळच्या थोर माणसांपुढे दोन तुल्यबल हक्कांचा पेच होता. त्यास नंतरच्या लेखकांनी ‘गृहकलह’ म्हणून हलके केले.

हे लेखक कोण होते, हे पाहिले म्हणजे कारण कळते. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सातारा दरबारी, म्हणजे शाहूंच्या गादीच्या आश्रयाने लिहिली गेली. १८२६ मध्ये आपला इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ साताऱ्यास कंपनीचा रेसिडेंट होता आणि तेथील कागद व माणसे ही त्याची मुख्य साधने होती. १७०८ च्या जानेवारीत शाहूंचा राज्याभिषेक झाला, १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंच्या पक्षाने ताराबाईंनाही सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले. त्यामुळे त्यांची बाजू सांगणारा दरबारच उरला नाही. सातारकरांना त्या प्रतिपक्षाच्या, आणि कोल्हापूरची गादी पुढे त्यांच्या सवतीच्या वंशात चाललेली. ब्रिजकिशोर, सेतुमाधवराव पगडी, जयसिंगराव पवार यांच्या लेखनाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तोल पुष्कळ सावरला. परंतु किल्ल्यांच्या पुस्तकांतील ते एक वाक्य अद्याप बदललेले नाही.

उत्तरायुष्यातील ताराबाईंच्या राजकारणाचे समर्थन करणे कठीण आहे. रामराजा आपला नातू म्हणून त्यांनीच पुढे आणला, १७५० मध्ये त्यालाच साताऱ्यास कैद केले, आणि १७५२ मध्ये जेजुरीस तो आपला नातू नव्हे अशी शपथ वाहिली. १७०० ते १७०७ च्या राजवटीचे मोल या घटनांवरून ठरविण्याची पद्धत मात्र सदोष आहे. ती सात वर्षे त्यांच्याच पुराव्यावर जोखली पाहिजेत.

भोरच्या सचिवांशी त्यांचा संबंध या काळातही पुन्हा एकदा आला. शाहूंनी शंकराजींचे सचिवपद त्यांच्या तान्ह्या पुत्रास, नारो शंकरास, दिले होते आणि त्या घराण्याचे किल्ले त्याच्याकडेच राहिले होते. सिंहगडही त्यांत होता. १७५० मध्ये, पंच्याहत्तर वर्षांच्या वयात, पतीच्या समाधीचे दर्शन घेण्याच्या निमित्ताने ताराबाई सिंहगडावर गेल्या आणि आपणास मराठी राज्याच्या प्रमुख म्हणून मान्य करावे असा आग्रह त्यांनी सचिव चिमणाजीपंतांकडे धरला. पेशव्यांनी त्यातील धोका ओळखला. त्याच वर्षी त्यांनी सचिवांकडून सिंहगड मागून घेतला आणि त्याच्या मोबदल्यात तुंग व तिकोना हे दोन किल्ले भोरकरांना दिले.